भिंतीतलं भोक, सहा मात्रा आणि विहीणबाई: एका नाचाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. स्विंडन, इंग्लंड

काम: लेकीच्या लग्नात व्याही-विहिणींबरोबर एक जुना इंग्रजी नाच नाचणे.
मुदत: लग्न ऑगस्टमध्ये. पण विहीणबाईंच्या क्लबचा वसंतातला नाच ५ एप्रिलला आहे, तीच रंगीत तालीम. म्हणजे हातात बारा आठवडेसुद्धा नाहीत.
माणसं: मी आणि नवरा.
अनुभव: मी शाळेत लेझीम. तो, वराती सोडल्या तर, शून्य.

ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवते, तेव्हा स्वतःच्या पायांच्याही नोंदवू म्हटलं.

विहीणबाई वीस वर्षं या क्लबात जातात. लग्न ठरलं त्या दिवशी त्यांनी आम्हाला एवढंच विचारलं होतं की तुम्ही नाचता का. हुंडा नाही, मानपान नाही, नाच! नवरा घाईघाईत “हो” म्हणाला. नंतर गाडीत बसल्यावर म्हणाला, “मला वाटलं, जेवणानंतरचं काहीतरी विचारतायत.”

आज पहिला वर्ग. गावाबाहेरचा सामाजिक हॉल, लाकडी जमीन, कोपऱ्यात चहाचं पातेलं म्हणावं असं विजेचं भांडं. संक्रांत होती म्हणून तिळगुळाचा डबा नेला. गोड बोलायची अट समजावून सांगितली तर एक आजोबा म्हणाले, पायावर पाय पडेपर्यंत नक्की बोलेन.

सुरुवात गोल नाचाने झाली. नाव ‘गॅदरिंग पीसकॉड्स’, म्हणजे मटाराच्या शेंगा तोडणं. पुरुष आत जाऊन टाळी वाजवतात आणि मागे सरतात, तेवढ्यात बायका आत जाऊन टाळी वाजवतात. मंगळागौरीला शोभेल असं आहे. घाबरलो होतो तितकं कठीण गेलं नाही. मग कळलं की हा सगळ्यांना खूश करायला ठेवलेला असतो, आमचा नाच वेगळा आहे.

१५ जानेवारी

आमच्या नाचाचं नाव ‘होल इन द वॉल’. भिंतीतलं भोक. इथे रोजच्या बोलण्यात एटीएमलाही हेच म्हणतात, त्यामुळे नवऱ्याने ऑफिसात “मी होल इन द वॉल शिकतोय” सांगितलं तेव्हा लोक काळजीने बघायला लागले.

रचना लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या आठवड्यात डोक्यातून जाईल. दोन लांब ओळी समोरासमोर. एकीत पुरुष, दुसरीत बायका, आपला जोडीदार बरोबर समोर. वादक बसतात ते ‘वर’, त्याच्या उलट ‘खाली’. वरून दोन-दोन जोड्यांचे गट पाडायचे: पहिली जोडी, दुसरी जोडी, पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. एक फेरी चार माणसांत होते. फेरी संपली की पहिली जोडी एक घर खाली सरकते, दुसरी एक घर वर चढते आणि समोर नवीन जोडी येते. टोकाला पोचलं की एक फेरी नुसतं उभं राहायचं आणि नंबर बदलून परत आत यायचं. वरून खाली गेलेले ‘दुसरे’ होऊन चढायला लागतात.

जोडीने नाचायचं म्हणून आलो आणि कळलं की इथे जोडीला सगळ्या रांगेशी संसार करायचा असतो. एकत्र कुटुंब.

२१ जानेवारी

आज चालून बघितला. संगीत न लावता कॉलर, म्हणजे पुढची हालचाल ओरडून सांगणाऱ्या बाई, एकेक टप्पा सांगतात आणि सगळे नुसते चालतात.

टप्पे असे. पहिली जोडी एकमेकांकडे पाठ वळवून आपापल्या ओळीच्या बाहेरून खाली जाते, दुसऱ्या जोडीला वळसा घालते, त्यांच्या खाली भेटते आणि हात धरून मधून वर घरी येते. मग दुसरी जोडी तेच उलट करते: बाहेरून वर, मधून खाली. मग कोपरे: पहिला पुरुष आणि दुसरी बाई तिरपे ओलांडून जागा बदलतात, उजव्या खांद्याजवळून उजवा खांदा. मग पहिली बाई आणि दुसरा पुरुष. मग चौघांनी हात धरून अर्धं वर्तुळ डावीकडे, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने. आता सगळे घरी परतलेले असतात. शेवटी पहिली जोडी बाहेरून खाली, दुसरी मधून वर. झालं. यात उडी नाही, गिरकी नाही, ठेका धरून आपटायचं पाऊल नाही. नुसतं चालणं.

नवरा म्हणाला, एवढंच? संगीत सुरू झालं आणि एवढ्याशाचं वाटोळं झालं. मी मनात आठ मोजत होते. लेझमीची सवय, एक-दोन-तीन-चार, पाच-सहा-सात-आठ. माझे आठ संपायच्या आत बाकीचे पुढच्या टप्प्यावर. मी ज्या जागेवर पोचायचे तिथे आधीच कोणीतरी असायचं. नवरा याच्या उलट, आधी पोचून वाट बघत उभा, बस चुकू नये म्हणून स्टॉपवर आलेल्या माणसासारखा.

चूक क्र. १: मोजणी. कारण अज्ञात.

२५ जानेवारी, शनिवार

कारण सापडलं. सकाळी पोहे करताना फोनवर ती धून लावली होती. नवरा ओट्यावर बोटं वाजवत होता. त्याने तरुणपणी चार वर्षं तबला शिकून सोडला, त्याची बोटं अजून सोडत नाहीत. अचानक म्हणाला, “अगं, हा दादरा आहे!”

दादरा म्हणजे अगदी दादरा नव्हे. धून तीन-तीनची आहे, आणि एक हालचाल दोन मापांत बसते, म्हणजे सहा पावलं. धा धी ना, धा ती ना. बाहेरून खाली जायला सहा, मधून वर यायला सहा. दुसऱ्या जोडीचे सहा आणि सहा. एका कोपऱ्याला सहा, दुसऱ्याला सहा, अर्ध्या वर्तुळाला सहा, शेवटच्या सरकण्याला सहा. आठ आवर्तनं, अठ्ठेचाळीस पावलं, की फेरी पूर्ण. धून मात्र मुद्दाम फसवते, जोर भलत्याच जागी टाकते. म्हणून कानाच्या मागे न जाता आत दादरा चालू ठेवायचा.

पोहे करपले. प्रकल्पासाठी तो खर्च मान्य.

या प्रकारच्या धुनेला इथे हॉर्नपाइप म्हणतात. खलाशांचा म्हणून जो उड्या मारायचा हॉर्नपाइप माहीत असतो, तो नव्हे. तो नंतरचा. हा जुना, तीनच्या मापातला.

२८ जानेवारी

नवरा कामासाठी बाहेर. क्लबात बायका जास्त आणि पुरुष कमी, त्यामुळे एकट्या आलेल्या बाईला कोणी परत पाठवत नाही. अर्ध्या बायका पुरुषांच्या ओळीत सहज उभ्या राहतात. मी ऐंशीच्या एका बाईंची ‘नवरा’ झाले. दादरा मनात चालू. सगळ्या फेऱ्या बरोबर! शेवटी वाकून नमस्कार करतात तेव्हा त्या म्हणाल्या, तू ओठ हलवत होतीस, देवाचं नाव घेत होतीस का? धा धी ना, असं सांगितलं. त्यांना देवाचंच वाटलं असेल.

४ फेब्रुवारी

चूक क्र. २: खांदा.

बाहेरून वळायचं म्हणजे नक्की कुठल्या खांद्यावरून? नवरा दर दुसऱ्या वेळी उलटा वळतो आणि माझ्याच अंगावर येतो. घरी येऊन कागदावर काढलं तेव्हा चूक त्याची एकट्याची नाही हे पटलं. पुरुषांच्या ओळीतून जोडीदाराकडे तोंड केलं की वादक डाव्या हाताला येतात. पहिल्या जोडीत असताना त्याने डाव्या खांद्यावरून, म्हणजे आधी वादकांकडे बघत, बाहेर वळून खाली जायचं. दुसऱ्या जोडीत असताना वर जायचं असतं, म्हणून उजव्या खांद्यावरून, आधी खाली बघत. माझं सगळं त्याच्या उलट. थोडक्यात, जिकडे जायचं त्याच्या विरुद्ध दिशेला आधी तोंड फिरवायचं. रुसून निघाल्यासारखं वळायचं आणि सहा पावलांनी गपचूप भेटायचं. ही खूण नवऱ्याला लगेच कळली, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार

घरी सराव. चार माणसं लागतात, आम्ही दोघं. दुसरी जोडी म्हणून पाच लिटरचा कुकर आणि इस्त्रीचं टेबल उभं केलं. कुकर उत्तम नाचतो. जागा सोडत नाही, घाई करत नाही.

पण एक गोष्ट त्यामुळे समजली. बाहेरून वळशाचा रस्ता लांब आहे, सहा पावलांत लांब टांगा टाकाव्या लागतात. कोपऱ्याचं अंतर मात्र जेमतेम सहा-सात फूट. तिथेही सहाच पावलं. सरळ गेलं तर तिसऱ्या पावलाला पोचतो आणि उरलेल्या तीन मात्रा लाजत उभं राहावं लागतं. म्हणजे सरळ जायचंच नाही, बाक घ्यायचा, ओलांडताना समोरच्याकडे तोंड ठेवायचं आणि वळत-वळत जागेवर यायचं. मात्रा त्याच, अंतर वेगळं. नवऱ्याचं आधी पोचणं इथून येतं: त्याला रस्ता दिसतो, वेळ दिसत नाही.

१६ फेब्रुवारी

कुकरला सुट्टी. स्विंडनात गोव्याची माणसं भरपूर आहेत, आमच्या शेजारीही मडगावकडचं जोडपं आहे. काकू आणि काका दोघंही सत्तरीचे. चहाला बोलावलं आणि चहा व्हायच्या आत ओळीत उभं केलं.

काकूंना काही सांगावं लागलं नाही. समोरासमोर दोन ओळी बघून म्हणाल्या, “हें मांड्यासारकें.” त्यांच्या लहानपणी लग्नघरात मांडो व्हायचा. बायका एका ओळीत, पुरुष समोर, हातात पंखा, चाल संथ. ओळी जवळ येतात, ओलांडतात, मागे जातात. अंगावर तोरोप-बाजू, म्हणजे मांडोचा खास पोशाख. मांडो सहाच्या मापात चालतो आणि त्यामागून दुलपद येतं, ते चपळ. काकूंनी म्हणून दाखवलं. नवऱ्याने टेबलावर दादरा धरला आणि तो बसला.

इंग्लंडातला हा कंट्री डान्स सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सला गेला, तिथे कोंत्रदाँस झाला. फय्ये या नृत्यशिक्षकाने १७०६ मध्ये पॅरिसला त्यांचं पुस्तकच छापलं. पोर्तुगीजांत कोंत्रादांसा म्हणतात. समोरासमोरच्या दोन ओळींचा हा साचा असा भरपूर फिरलेला आहे. काकूंना मात्र या इतिहासात रस नव्हता. त्यांचं म्हणणं, तुमचे हात मेलेले आहेत. हात धरायचा म्हणजे बाजारातली पिशवी धरायची नव्हे. मनगट खाली, बोटं हलकी, पण आहेत हे समोरच्याला कळलं पाहिजे. क्लबात पाच आठवड्यांत कोणी हे इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. इंग्रज माणूस सांगणारही नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. लंडन

रजा टाकून सेसिल शार्प हाउसला, म्हणजे इंग्रजी लोकनाचांच्या संस्थेच्या इमारतीत गेलो. कॅम्डन टाउन स्टेशनवरून चालत. विटांची साधी इमारत, १९३० साली उघडलेली, आत मोठा नाचाचा हॉल आणि त्याच्या एका भिंतीभर आयव्हन हिचन्सचं चित्र. शिवाय ग्रंथालय, व्हॉन विल्यम्स या संगीतकाराच्या नावाचं. तिथे प्लेफर्डच्या पुस्तकाची प्रतिकृती बघितली.

जॉन प्लेफर्ड हा लंडनचा प्रकाशक, टेंपल चर्चच्या दाराशी त्याचं दुकान. १६५१ साली त्याने एकशे पाच नाचांचं पुस्तक काढलं, प्रत्येकाची धून वर आणि कृती खाली. दोनच वर्षांपूर्वी राजाचं डोकं उडवलेलं, नाटकगृहं १६४२ पासून बंद, आणि हा नाचाचं पुस्तक विकतोय! पुस्तक इतकं चाललं की १७२८ च्या सुमारापर्यंत अठरा आवृत्त्या निघाल्या. नवऱ्याला कुठलंही साल सांगा, तो आपलं साल काढतोच: “१६५१, म्हणजे महाराज एकवीस वर्षांचे.”

पानांवर पुरुषांसाठी चंद्रकोर आणि बायकांसाठी सूर्य छापलेला आहे, रांगेने. चंद्र-चंद्र-चंद्र, समोर सूर्य-सूर्य-सूर्य. बराच वेळ बघत बसले. ‘लांब रांगेत, जितके येतील तितके’ असं काही नाचांच्या डोक्यावर लिहिलंय. पंगतीसारखं.

आपला नाच या पहिल्या पुस्तकात नाही. तो १६९८ च्या आवृत्तीतला, तेव्हा दुकान मुलाकडे, हेन्री प्लेफर्डकडे आलं होतं. (“१६९८, जिंजी पडली.” हो बाबा.) आणि धून हेन्री पर्सेल या इंग्रज संगीतकाराची. आफ्रा बेन या लेखिकेचं ‘अब्देलाझर’ हे नाटक १६९५ मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं, त्यासाठी पर्सेलने जे संगीत केलं त्यातला हा हॉर्नपाइप. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पर्सेल गेला, अवघा ३६ वर्षांचा. नाटकातली धून कोणीतरी उचलली, तिच्यावर चार माणसं चालवली. नाट्यपद नाटक सोडून मैफलीत जावं आणि नाटक कोणाला आठवू नये, तशी गंमत. स्विंडनच्या हॉलमध्ये पोटऱ्या दुखवून घेतो ती धून पर्सेलची आहे हे आज कळलं. म्हणजे विहीणबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण तेव्हा मी आठ मोजत होते.

सगळ्यात चकित झाले ते कृती बघून. एवढा नाच, आणि कृती जेमतेम काही ओळींची. कोणी कुठे जायचं ते आहे. कसं जायचं, किती मात्रांत, हात कुठे, नजर कुठे, काही नाही. पहिल्या पुस्तकात सुरुवातीला दोन-तीन व्याख्या दिल्यात: चार पावलं टाकून पाय जुळवले की ‘डबल’, दोन पावलं टाकून जुळवले की ‘सिंगल’. बाकीचं नाचणाऱ्याला येतंच असणार हे गृहीत. आजीच्या वहीतल्या ‘अंदाजाने मीठ’सारखं.

मग हे नाच परत उभे केले ते सेसिल शार्पने. संगीतशिक्षक. १८९९ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टनला त्याने मॉरिस हा इंग्रजी लोकनाच नाचणारी मंडळी पाहिली आणि पुढचं आयुष्य गावोगावची गाणी आणि नाच टिपण्यात घातलं. १९११ मध्ये संस्था काढली, त्याच वर्षी प्लेफर्डच्या पुस्तकातले नाच उलगडून छापले. त्याचा जन्म १८५९ चा, आपल्या भातखंड्यांचा १८६० चा. वर्षाच्या आत-बाहेर जन्मलेली दोन माणसं, दोघंही वह्या घेऊन फिरतायत, विस्कळीत पडलेलं गोळा करतायत, छापतायत. दोघांवर आक्षेपही एकाच जातीचा: तुम्ही लिहिलंत तेच प्रमाण झालं, बाकीचं मागे पडलं. आक्षेप खोटा नाही. पण त्यांनी लिहिलंच नसतं तर आज आक्षेप घ्यायला काय उरलं असतं, असं मला वाटतं. स्वरलिपीतून बंदिश मिळते, गायकी मिळत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

परतीच्या गाडीत नवरा झोपला. झोपेत त्याचा उजवा पाय हलत होता. सहा वेळा, थांबा, सहा वेळा.

४ मार्च

चहाच्या वेळी ‘सायडिंग’ हा शब्द काढला आणि चूक केली. आपल्या नाचात ते नाही, पण १६५१ च्या नाचांत जागोजागी येतं. पुस्तक म्हणतं ‘साइड्स ऑल’ आणि गप्प बसतं. शार्पने ठरवलं की जोडीदारांनी डाव्या खांद्याजवळून ओलांडून पलीकडे जाऊन वळायचं आणि परत यायचं. नंतरच्या अभ्यासकांचं मत पडलं की नाही, फक्त पुढे येऊन खांद्याला खांदा लावायचा आणि आल्या पावली मागे जायचं. आज दोन्ही चालतात, कॉलर आधी सांगते की आज कुठलं. आमच्या हॉलमध्ये दोन्ही पक्षांची माणसं निघाली. बिस्किटं संपली तरी वाद संपेना. आवाज कोणी चढवला नाही, फक्त सगळे फार सभ्य व्हायला लागले. इथे ते भांडणाचं लक्षण.

विहीणबाई शार्पवाल्या, व्याही त्याच्या विरुद्ध. चाळीस वर्षांचा संसार!

११ मार्च

चूक क्र. ३: नजर. ही खरी.

कोपरा ओलांडताना समोरच्याकडे बघायचं असतं. तिरप्या कोपऱ्यातला माणूस परका असतो, प्रत्येक फेरीला नवा. मी जमिनीकडे बघते. परक्या पुरुषाकडे सहा मात्रा टक लावून बघायचं आमच्या घरात कोणी शिकवलं नाही, उलटच शिकवलं. नवऱ्याचंही तेच, तो समोरच्या बाईंच्या डोक्यावरून घड्याळाकडे बघतो. विहीणबाई आज पहिल्यांदा जरा करड्या आवाजात म्हणाल्या, “पाय चुकले तर चालतील, तुम्ही निघून गेलात असं वाटू देऊ नका.”

मग त्यांनी एक फेरी न मोजता करायला लावली. दादरा बंद. फक्त समोरच्याकडे बघा, तो जितका सरकेल तितकं तुम्ही सरका. अशक्य वाटलं होतं. पण दोघं एकमेकांकडे बघत गोल वळतात तेव्हा वेग आपोआप जुळतो, कारण पुढे गेलात तर समोरचा नजरेतून निसटतो आणि लगेच कळतं. मी सहाव्या मात्रेला जागेवर होते. मोजलं नव्हतं, त्याच्या भुवया वर गेल्या त्यावरून समजलं.

नवऱ्याने केलं ते मला दिसलं नाही, मी त्याच वेळी शेजारी उभी होते. विचारलं तर म्हणाला, “बघितलं मी. त्यांचे डोळे निळे नाहीत, करडे आहेत.” इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

१८ मार्च

दोघांनाही सर्दी. गेलो नाही.

२५ मार्च

बुटांच्या तळाला जमीन चिकटते. रबरी तळ वळताना अडतो, गुडघा पिळतो. मऊ चामड्याच्या तळाचे बूट घेतले. हे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगायला हवं होतं. कदाचित सांगितलं असेल.

३० मार्च, पाडवा

आजच घड्याळं तासभर पुढे गेली, त्यामुळे गुढी सूर्याच्या हिशेबाने उभारली की मोबाइलच्या, यावर सकाळी चर्चा. दुपारी लेक आणि जावई आले. श्रीखंड खाऊन मागच्या अंगणात चौघं नाचलो. जावई लहानपणापासून आईबापांबरोबर हे नाचत आलाय. तो पाऊल कसं टाकतो ते पाहिलं: टाच आधी नाही, चवड्यावर, वजन जरासं पुढे, पुढच्या पावलाची तयारी मागच्यातच. चालणंच, पण कुठेतरी निघालेलं. लेक मात्र आईवर गेली. आठ मोजते.

१ एप्रिल

शेवटचा सराव, आणि वादक आले: व्हायोलिन, रेकॉर्डर (बासरीसारखं फुंकायचं वाद्य), अकॉर्डियन. फोनवरच्या धुनेपेक्षा ताल जरा जलद. पहिल्या दोन फेऱ्या धापा. मग लक्षात आलं की व्हायोलिनवाली बाई नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून वाजवतेय. संगत म्हणतात ती हीच.

५ एप्रिल, शनिवार. रात्री साडेअकरा

लगेच लिहिते.

आमच्या रांगेत आठ जोड्या. आम्ही वरून तिसऱ्या, म्हणजे ‘पहिले’. विहीणबाई-व्याही शेवटच्या, आठव्या जागेवर, म्हणजे ‘दुसरे’, वर चढत येणार. आम्ही उतरत जाणार. तिसऱ्या फेरीत समोरासमोर.

वाकून नमस्कार, संगीत. पहिली फेरी बरी. दुसरी चांगली. तिसरीत तेच दोघं समोर आले आणि नवऱ्याच्या अंगात व्याही संचारले. वळसा झोकात घेतला, मधून वर येताना हातही काकूंनी सांगितला तसा. मग कोपरा: तो आणि विहीणबाई. इतका सरळ गेला की तिसऱ्या मात्रेला त्यांच्या जागेवर, आणि त्या अजून मधेच, बाक घेत. बघायला समोर कोणीच नाही. त्या हसायला लागल्या. मग मी आणि व्याही. मला हसू आवरेना, त्यात मी डावा खांदा दिला. अर्ध्या वर्तुळात कोणाचा हात कोणाच्या हातात होता देव जाणे. पण शेवटच्या सहा मात्रांत आपापल्या घरी पोचलो आणि रांग पुढे सरकली. हाच या नाचाचा मोठेपणा. चूक तिथेच राहते, पुढची जोडी कोऱ्या चेहऱ्याने समोर असते.

त्याच सुमाराला कॉलर गप्प झाली. आधी सांगितलं होतं की तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर ती बोलायचं थांबवते. पोहायला शिकवणारा हात काढून घेतो, तसं वाटलं. चौथी, पाचवी, नुसतं संगीत आणि पावलांचा आवाज. ऐंशीच्या त्या बाई समोर आल्या, माझ्या ओठांकडे बघून मान डोलावली. ओठ हलत नव्हते.

पाच फेऱ्यांत तळाला पोचलो. सहावी उभं राहून काढायची. इथे नवऱ्याने बोटांवर हिशेब केला आणि कानात सांगितलं, “आता आपण चढणार. ते वर टेकून उतरायला लागतील. अकराव्या फेरीत परत समोर येतील. तेव्हा बघ.” रेल्वेच्या वेळापत्रकातली क्रॉसिंग काढावी तसं. मला आधी पटलं नाही, मग मीही बोटांवर काढलं. अकरावीच येते. आम्ही चौथ्या जागेवर, ते तिसऱ्या. या वेळी ते ‘पहिले’, आम्ही ‘दुसरे’.

सातवी, आठवी. खांदे उलटे झाले होते, आता नवऱ्याचा उजवा, चुकला नाही. नववीत कोपऱ्यावर तो शेजारच्या गावातल्या एका बाईंबरोबर इतका सावकाश, इतका बघत वळला की मीच घड्याळाकडे बघितलं. दहावी. मधून वर सरकलो आणि समोर ते दोघं, हातभर अंतरावर, विहीणबाईंनी भुवया वर केलेल्या.

आणि वादक थांबले. दहा फेऱ्या पुरे झाल्या म्हणे.

सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. नवरा अजून पहिल्या पावलाच्या तयारीत उभा होता, वजन चवड्यावर. व्याह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ऑगस्ट.”

८ एप्रिल

उघडी कामं:
चूक क्र. १ बंद. चूक क्र. २ बंद. चूक क्र. ३ माझी बंद, नवऱ्याची एका फेरीपुरती बंद. विहीणबाई समोर असताना तपासायची राहिली.
लग्नातल्या वादकांना किमान अकरा फेऱ्या वाजवायला सांगणे. जोड्या आठच हव्यात, नाहीतर हिशेब बदलतो. नवरा तक्ता करतोय.
लेकीला सहा मोजायला शिकवणे.
काकू आणि काका रांगेत उभे राहणार आहेत. काकूंची अट: मग मांडोही झाला पाहिजे. व्हायोलिनवाल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या धून गाऊन दाखवा. रविवारी चहाला येतायत.